सफेद मुसळी: रानातली ओळख, फोडशीची भाजी, लागवड, सुकवणी आणि वापर

मुंबईच्या बोरिवलीचे नाव एका औषधी वनस्पतीला मिळालेले आहे. सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलिएनम. सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५०च्या दशकात तिचे वेगळी जात म्हणून वर्णन केले. सह्याद्रीचा उतार, पालघर-ठाण्याची रानं, डांग, सातपुडा, मेळघाट इथे पहिल्या पावसाबरोबर ती जमिनीतून वर येते आणि दसरा-दिवाळीपर्यंत दिसेनाशी होते. वारली, ठाकूर, कातकरी, भिल्ल, कोरकू या समाजांना तिची पाने आणि मुळ्या दोन्ही पूर्वापार माहीत आहेत. शहरात पाने ‘फोडशी’ किंवा ‘कुलू’ या नावाने पावसाळी रानभाजी म्हणून विकली जातात, तर मुळ्या ‘सफेद मुसळी’ म्हणून काष्ठौषधीच्या दुकानात. एकाच झाडाच्या या दोन वस्तू आहेत हे घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

पुढचे सगळे ज्यावर उभे आहे तो हिशेब आधी लक्षात घ्यावा. जून ते सप्टेंबर या तीन-साडेतीन महिन्यांत पाने जे अन्न तयार करतात तेच मुळीत साठते. पाने ओरबाडली तर मुळी पोसत नाही, मुळी उपटली तर झाड संपते. म्हणून रानातून घ्यायचे ते पान, तेही मोजके. मुळी घ्यायची ती शेतातल्या लागवडीतून. व्यापारासाठी वर्षानुवर्षे उकरणी झाल्यामुळे अनेक डोंगरांवर आता ही वनस्पती शोधावी लागते.

रानात ओळखायची कशी

खोड नसते. जमिनीलगत एकाच ठिकाणाहून ६ ते १२ लांबट, टोकदार पाने निघतात आणि फुलासारखी पसरतात. पान गुळगुळीत असते, कडा किंचित लहरदार, खालच्या बाजूने मधली शीर ठसठशीत. जुलै-ऑगस्टमध्ये मधून एक सरळ दांडा येतो. त्यावर सहा पाकळ्यांची पांढरी फुले आणि त्यात पिवळे पुंकेसर. फळ तिधारी, आत कांद्याच्या बियांसारखे बारीक काळे बी.

मुळी पाहिली तर खात्री पटते. जमिनीखाली एक छोटी चकती असते, तिला शेतकरी माथा म्हणतात. या माथ्यालाच थेट चिकटून बोटासारख्या मांसल मुळ्यांचा गड्डा लोंबतो. तिच्या एका भावंडात, क्लोरोफायटम ट्युबरोझममध्ये, माथ्यापासून आधी दोऱ्यासारखी बारीक मुळे निघतात आणि त्यांच्या टोकाला गाठी लटकतात. पाने दोघींचीही खातात. बाजारात जास्त भाव मात्र पहिलीला. काळी मुसळी हे सर्वस्वी वेगळे झाड. तिची पाने माडाच्या रोपासारखी चुण्या पडलेली असतात, फूल पिवळे आणि जमिनीलगत.

रानकांदा किंवा कोळकांदा याची कोवळी पाने अनोळखी माणसाला मुसळीसारखीच वाटतात, आणि तो विषारी आहे. शंका आली तर बोटाने माती बाजूला करून बुंधा पाहावा. खाली पापुद्र्यांचा कांदा लागला तर ती मुसळी नव्हे. पानाचे टोक तंतूसारखे वळलेले असेल तर ती कळलावी, तीही विषारी. पहिल्या दोन-तीन वर्षी रानातल्या जाणत्या माणसाबरोबरच खुडायला जावे. फोटो जुळवून भाजी करू नये.

राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्याच्या हद्दीत काहीही खुडणे कायद्याने बंद आहे. बोरिवलीचे संजय गांधी उद्यानही त्यात आले. इतर जंगलांत गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून मिळणाऱ्या रानातल्या वस्तूंवर, २००६च्या वनहक्क कायद्याने तिथल्या रहिवाशांचा हक्क मानला आहे. बाहेरच्या माणसाने आदिवासी विक्रेत्या बाईकडून जुडी विकत घ्यावी, हे सगळ्यांत बरे.

फोडशीची भाजी

पाने वीतभर लांब आणि कोवळी असतानाच घ्यावीत, म्हणजे जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलैचा मध्य. फुलाचा दांडा आला की पान चिवट होते. एका झाडाची बाहेरची दोन-तीन पाने घ्यायची, मधला कोंब ठेवायचा, आणि त्याच झाडाला त्या पावसाळ्यात पुन्हा हात लावायचा नाही. झाड हलवून ओढू नये. नखाने किंवा कात्रीने कापावे.

चार माणसांसाठी दोन जुड्या लागतात. पाने सुटी करून बुंध्याकडचा जाड पांढरा भाग कापून टाका, तिथे माती आणि धागे दोन्ही असतात. मधली शीर टणक लागली तर तीही काढा. तीन पाण्यांतून धुवा, कारण पानांच्या बेचक्यात वाळू अडकून बसते. मग आडवे, अगदी बारीक चिरा. जाड चिरली तर शिजल्यावर धागे दाताखाली येतात. पाव वाटी मूगडाळ अर्धा-पाऊण तास भिजवून ठेवा. दोन चमचे तेलात मोहरी, सहा-सात ठेचलेल्या लसूण पाकळ्या, तीन हिरव्या मिरच्या आणि एक मोठा कांदा परता. डाळ घालून झाकण ठेवा, आणि ती बोटाने दबू लागली की भाजी घाला. आधी झाकण ठेवून पाच मिनिटे, मग झाकण काढून पाणी आटेपर्यंत. मीठ शेवटी, कारण भाजी शिजून निम्मी होते आणि आधीच्या अंदाजाने घातलेले मीठ जास्त होते. बेसन आणि थोडे तांदळाचे पीठ लावून वड्या थापल्या तरी छान होतात. चव कांद्याच्या पातीच्या जवळची, पण उग्रपणा नाही.

लागवडीआधीचा हिशेब

सफेद मुसळीने अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडवले आहेत, आणि त्यात पिकाचा दोष थोडाच होता. २०००च्या पहिल्या दशकात ‘बेणे आमच्याकडून घ्या, माल आम्हीच परत घेऊ’ अशा करारांवर चढ्या भावाने बेणे, म्हणजे लावायच्या मुळ्या, विकले गेले. विकणाऱ्याचा नफा बेण्यातच झालेला असल्याने माल घ्यायला कोणी फिरकले नाही. आजही कोणी एकरी लाखांचे आकडे दाखवत बेणे विकायला आला तर त्याला एकच प्रश्न विचारावा: गेल्या वर्षी सुकी मुसळी कुणाकुणाकडून किती घेतली? त्या शेतकऱ्यांशी बोलल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

खरा हिशेब असा. ३.५ फूट रुंदीचा गादीवाफा आणि १.५ फुटाची सरी, म्हणजे दर ५ फुटांवर एक वाफा. वाफ्यावर १० इंच अंतराच्या चार ओळी, ओळीत ६ इंचांवर एक मुळी. एकरात सुमारे ७० हजार रोपे बसतात. लावायची मुळी सरासरी ६ ग्रॅमची धरली तर बेणे लागते ४ ते ४.५ क्विंटल. यातली ७० टक्के झाडे शेवटपर्यंत टिकली आणि झाडागणिक २५ ग्रॅम ओली मुळी निघाली, तर उत्पादन सुमारे १२ क्विंटल ओले. त्यातले ४.५ क्विंटल पुढच्या वर्षाच्या बेण्याला ठेवायचे. उरलेले ७.५ क्विंटल सोलून सुकवले की साधारण पाचास एक या प्रमाणात दीड क्विंटल सुकी मुसळी हातात येते. बेणे विकणारे हे ‘पुढच्या वर्षाचे बेणे’ आणि ‘पाचास एक’ कागदावर धरतच नाहीत. चांगल्या जमिनीत, चांगल्या बेण्यावर याहून जास्त येते. पण पहिल्या वर्षी एवढेच धरून खर्च बसतो का ते पाहावे.

म्हणून सुरुवात एका गुंठ्याने करावी. गुंठ्याला १,७५० रोपे, म्हणजे १० ते ११ किलो बेणे. निघालेले सगळे बेणे म्हणूनच ठेवायचे, एकही मुळी विकायची नाही. वर्षाला अडीच पट वाढ धरली तर दुसऱ्या वर्षी अडीच गुंठे, तिसऱ्या वर्षी सहा, चौथ्या वर्षी पंधरा आणि पाचव्या वर्षी जवळजवळ एक एकर स्वतःच्या बेण्यावर उभे राहते. तोपर्यंत आपल्या जमिनीत हे पीक कसे वागते ते कळलेले असते, आणि चूक झाली तरी ती गुंठाभरच राहते.

जमीन आणि वाफे

पाणी झटकन निचरणारी, भुसभुशीत, वाळूमिश्रित पोयट्याची किंवा तांबडी जमीन हवी. सामू (पीएच) ६.५ ते ८ चालतो. भारी काळी, पाणी धरणारी किंवा चोपण (क्षार साठून चिकट झालेली) जमीन असेल तर या पिकाच्या वाटेला जाऊ नये. तिथे मुळ्या सडतात, आणि वाचल्या तरी काढताना तुटतात. आदल्या वर्षी आले, हळद, बटाटा असे जमिनीखालचे पीक घेतलेले शेत टाळावे, कारण कुजवणारी बुरशी मातीत राहिलेली असते. मुसळी काढलेल्या शेतातही लगेच पुढच्या वर्षी मुसळी घेऊ नये. रानात ही वनस्पती सागाच्या विरळ सावलीत वाढते, त्यामुळे आंब्या-चिकूच्या तीन-चार वर्षांच्या बागेत मधल्या पट्ट्यात ती चांगली येते. दाट सावलीत मात्र पानेच वाढतात.

एप्रिलमध्ये खोल नांगरट करून ढेकळे महिनाभर तापू द्यावीत. मेमध्ये एकरी ८ ते १० टन पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. ‘पूर्ण कुजलेले’ यावर जोर आहे: अर्धकच्च्या शेणखतातून हुमणीची (मुळ्या खाणाऱ्या अळीची) अंडी आणि वाळवी दोन्ही शेतात येतात, आणि या पिकात जे विकायचे तेच त्या खातात. खत हातात घेतले तर गार, काळे आणि वास नसलेले असावे. १ टन खतात २ किलो ट्रायकोडर्मा (कुजवणाऱ्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) मिसळून, ओलसर ठेवून, सावलीत १५ दिवस झाकले तर मूळकुजीला बराच आळा बसतो. रासायनिक नत्र घालू नये. पाने हिरवीगार दिसतात, मुळ्या मात्र पाणचट निघतात आणि सुकताना जास्त घट येते.

वाफा किमान १ फूट उंच असावा. कोकणात आणि घाटमाथ्यावर दीड फूट ठेवावा, आणि सऱ्यांची तोंडे उताराच्या दिशेने मोकळी असावीत. पहिला जोराचा पाऊस पडला की शेतात जाऊन पाणी कुठे थांबते ते पाहावे. ती जागा लागवडीआधी सुधारता येते, नंतर नाही.

बेणे

बियांपासून लागवड होते, पण उगवण कमी, आणि विकण्याजोगी मुळी व्हायला दोन हंगाम लागतात. म्हणून सगळी लागवड मुळ्यांनी होते. इथे सर्वांत जास्त फसवणूक आणि सर्वांत जास्त चुका होतात, कारण मुळी कितीही जाड असली तरी तिच्या वरच्या टोकाला माथ्याच्या चकतीचा तुकडा नसेल तर ती कधीच फुटत नाही. डोळा माथ्यात असतो, मुळीत नाही. बाजारात तुटक्या मुळ्या बेणे म्हणून मिळतात. त्या मातीत जशाच्या तशा राहतात आणि सडतात. बेणे नेहमी अख्ख्या गड्ड्याच्या रूपात घ्यावे आणि स्वतः फोडावे.

फोडायची वेळ लागवडीच्या एक-दोन दिवस आधी. गड्डा हातात उलटा धरून धारदार सुरीने माथा अशा तऱ्हेने कापायचा की प्रत्येक भागाला चकतीचा हिस्सा आणि निदान एक डोळा येईल. जाड मुळी एकेकटी, बारीक असतील तर दोन-तीन एकत्र. ५ ते १० ग्रॅमचा भाग उत्तम. ३ ग्रॅमखालच्या मुळ्या वेगळ्या वाफ्यात दाट लावून पुढच्या वर्षासाठी पोसाव्यात. सुरकुतलेली पण दाबल्यावर घट्ट लागणारी मुळी चालते. मऊ, पाणी सुटलेली किंवा आंबूस वासाची मुळी फेकून द्यावी, आणि ती कापलेली सुरी पुसून घ्यावी. तयार बेणे १ लिटर पाण्यात १० ग्रॅम ट्रायकोडर्मा या द्रावणात १५ ते २० मिनिटे बुडवून सावलीत पसरावे. कापलेला भाग कोरडा झाला पाहिजे. ओल्या जखमेसह लावलेली मुळी कुजते.

लावणी ते पाने गळेपर्यंत

मृगाचा चांगला पाऊस होऊन वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाली, की लावावे. ठिबकची सोय असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात करता येते आणि पिकाला दोन-तीन आठवडे जास्त मिळतात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यानंतर लावू नये, कारण पाने गळायची वेळ पुढे सरकत नाही. पोसायचे दिवसच कमी होतात.

बोटभर जाडीच्या काठीने भोक पाडून मुळी उभी सोडावी, माथा वर आणि मातीच्या पातळीच्या जेमतेम अर्धा ते एक इंच खाली. माथा खोल गेला तर कोंब वर येण्याआधी कुजतो. उघडा राहिला तर उन्हाने वाळतो. मुळी उलटी लावली जाणे ही मजुरांकडून हमखास होणारी चूक आहे, त्यामुळे पहिल्या वाफ्यावर स्वतः उभे राहावे. ८ ते १५ दिवसांत कोंब दिसतात. तीन आठवड्यांनीही न दिसलेल्या जागा उकरून पाहिल्या की बेणे बिनमाथ्याचे होते, खोल गेले, की सडले, ते समजते. ही पाहणी पुढच्या वर्षी उपयोगी पडते.

तणाशी मुसळीला झगडता येत नाही. पहिली खुरपणी १५ ते २० दिवसांनी, दुसरी ४० दिवसांच्या आत. त्यानंतर खुरपे लावू नये, तण हाताने उपटावे; नव्या मुळ्या वरच्या थरात पसरलेल्या असतात आणि खुरप्याचा ओरखडा म्हणजे कुजीला उघडलेले दार. पावसाने वाफ्याची माती धुपून माथे उघडे पडले तर सरीतली माती चढवावी. फुलांचे दांडे निघताच खुडावेत, झाडाचे बळ मुळीकडे वळते. बी हवे असेल तर पाच-दहा दणकट झाडांचे दांडे ठेवावेत.

पावसाने दहा-बारा दिवस ओढ दिली तरच पाणी द्यावे. सप्टेंबरमध्ये पाऊस थांबल्यावर पाने हिरवी असेपर्यंत पंधरा दिवसांच्या अंतराने हलके पाणी पुरते. लागवडीपासून तीन-साडेतीन महिन्यांनी पाने पिवळी पडून आडवी होतात. नवा शेतकरी इथे घाबरतो आणि रोग समजून फवारण्या करतो किंवा पाणी वाढवतो. दोन्ही करू नये. हा या झाडाचा स्वभाव आहे. शेतभर एकसारखी, बाहेरच्या पानांपासून आत पिवळी होत गेली तर ती पक्वता. ऑगस्टमध्येच ठिकठिकाणी झुपके पिवळे पडले आणि ओढल्यावर झाड सहज हातात आले, तर मात्र खाली मूळकूज किंवा हुमणी आहे.

हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात. तेव्हाच फांद्या हलवून गोळा करून मारणे हाच खरा उपाय आहे, आणि तो गावाने मिळून करावा लागतो. शेतात मेटारायझियम बुरशी एकरी ४ किलो शेणखतातून द्यावी. मूळकुजीच्या झुपक्यातली झाडे मातीसकट काढून शेताबाहेर पुरावीत आणि त्या जागी ट्रायकोडर्माचे पाणी ओतावे. रानाजवळच्या शेतात रानडुक्कर आणि साळिंदर एका रात्रीत वाफा उकरतात, तेही पाने गळून गेल्यावर, जेव्हा शेतकऱ्याचे लक्ष उडालेले असते. तिथे कुंपणाशिवाय लागवड करणे म्हणजे त्यांच्यासाठीच पेरणे.

काढणी

पाने गळली म्हणजे मुळी तयार झाली असे नाही. त्या वेळी साल फिकट असते आणि मुळी पाणीदार. जमिनीत दीड-दोन महिने तशीच राहू दिली की साल गर्द तपकिरी होते, आतला गर घट्ट होतो. घाईने ऑक्टोबरात काढलेल्या मालात पाचास एकऐवजी सात-आठास एक अशी घट येते आणि सुकलेली मुळी पोकळ, सुरकुतलेली दिसते. सुकवायचा माल नोव्हेंबर अखेर ते डिसेंबरात काढावा. बेण्याचा माल फेब्रुवारी-मार्चपर्यंत जमिनीतच ठेवावा. जमिनीइतकी चांगली कोठी दुसरी नाही, फक्त उंदीर आणि डुकरांवर नजर हवी.

काढणीच्या दोन दिवस आधी हलके पाणी द्यावे. कुदळ रोपाच्या बाजूने अर्धा फूट लांब मारून गड्डा खालून उचलायचा. वरून ओढायचा नाही. बेण्याचे गड्डे न धुता, माती झटकून, दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावेत. मग हवेशीर खोलीत कोरड्या वाळूच्या थरात ठेवावेत, एक थर वाळू, एक थर गड्डे, उंची गुडघ्यापर्यंत. प्लास्टिकच्या पोत्यात भरलेले बेणे एप्रिलच्या उन्हाळ्यात उबून जाते. दर पंधरा दिवसांनी हात घालून मऊ पडलेले काढून टाकावेत.

सोलणी आणि सुकवणी

मालाचा भाव इथे ठरतो, आणि सर्वांत जास्त मजुरीही इथेच जाते. काढलेल्या मुळ्या माथ्यापासून तोडून, धुऊन, एक-दोन दिवसांत सोलाव्यात. ताजी साल सहज निघते. मुळी सुकत गेली की साल गराला चिकटते आणि सोलताना गर वाया जातो. जुन्या पद्धतीत खरबरीत दगडावर घासून किंवा काचेच्या तुकड्याने खरवडून साल काढतात. काचेने हात कापतात आणि मालात कचरा जाण्याची भीती असते, म्हणून बोथट सुरी किंवा ताठ ब्रश वापरणे चांगले. सालीचा तपकिरी ठिपकासुद्धा राहू नये.

सोललेल्या मुळ्या लगेच स्वच्छ पाण्यातून काढून पांढऱ्या कापडावर एका थरात उन्हात पसराव्यात. चार ते सात दिवस लागतात. संध्याकाळी दव पडायच्या आत माल घरात आणावा आणि सैल पसरून ठेवावा, ढीग करू नये. पिवळी पडलेली मुसळी म्हणजे ओल्या अवस्थेत ढिगात राहिलेली किंवा दव खाल्लेली मुसळी, आणि तिचा भाव निम्म्यावर येतो. पांढरेपणासाठी गंधकाची धुरी देणारे आहेत. औषध म्हणून पोटात जाणाऱ्या वस्तूला ती देऊ नये.

मुळी वाकवली की कट्ट आवाज होऊन तुटली पाहिजे. वाकली तर अजून ओल आहे. लांब, पांढरी, भरीव मुळी वेगळी, तुटकी वेगळी, बारीक वेगळी, अशी निवड करून जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करावी आणि ती गोणपाटात घालावी. पावसाळ्यात ती हवेतली ओल ओढून घेते आणि तिला कीड लागते, म्हणून शक्यतो मेअखेर माल विकून मोकळे व्हावे. शेतावर पूड करू नये. पुडीत भेसळ असेल असे धरूनच व्यापारी भाव करतो.

मध्य प्रदेशातली नीमचची मंडी आणि दिल्लीची खारी बावली हे मोठे बाजार. जवळचा औषध कारखाना किंवा काष्ठौषधीचा घाऊक व्यापारी मिळाला तर वाहतूक वाचते. नमुना अर्धा किलो आधी पाठवून भाव लेखी घ्यावा. शासकीय मदतीची चौकशी २००० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या योजनांबद्दल तालुका कृषी कार्यालयात करावी. बेणे आणि लागवडीची तांत्रिक माहिती गुजरातेत आणंदजवळ बोरियावी इथल्या औषधी व सुगंधी वनस्पती संशोधन संचालनालयाकडे मिळते.

वापर

आयुर्वेदात आणि घरगुती उपचारात मुसळी ही बल्य, म्हणजे अशक्तपणा भरून काढणारी मानली आहे: आजारानंतर, बाळंतपणानंतर, कष्टाची कामे करणाऱ्यांना हिवाळ्यात. तिच्यात सॅपोनिन, पिष्ट आणि बुळबुळीत गर असतो. आधुनिक प्रयोग बहुतेक प्राण्यांवर झालेले आहेत, त्यामुळे जाहिरातींतले मोठमोठे दावे बाजूला ठेवावेत.

विकत घेताना अख्खी मुळी घ्यावी. तुकडा चघळला तर खरी मुसळी चिकट होऊन दाताला धरते आणि चव जवळजवळ नसते. शतावरीची सुकलेली मुळी भेसळीला वापरतात. तिच्यावर लांबट चुण्या असतात आणि चवीला ती गोडसर-कडसर लागते. घरी मिक्सरमध्ये दळून वस्त्रगाळ करावी, एका वेळी महिन्याला पुरेल एवढीच.

दुधातून घ्यायची तर प्रौढाला ३ ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. अर्धा चमचा तुपावर पूड मंद आचेवर अर्धा मिनिट परतावी, मग एक कप दूध घालून ढवळत पाच मिनिटे उकळावे. न ढवळता सोडले तर गुठळ्या होतात, कारण ती दूध घट्ट करते. सकाळी न्याहारीच्या जागी घ्यावी. जड असते; भूक मंद असलेल्याने, पोट फुगणाऱ्याने किंवा बद्धकोष्ठ असलेल्याने आधी पोट सुधारावे, मग मुसळी. गर्भवतीने आणि मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्याने वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. ‘शक्तिवर्धक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सुलांपासून हृदयविकार असलेल्यांनी विशेष दूर राहावे. अशा मालात सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रातले औषध) औषधे लपवून मिसळल्याचे अनेक वेळा उघड झाले आहे.

हिवाळी लाडवांत ती सहज बसते. डिंक १०० ग्रॅम, खारीक पूड २५० ग्रॅम, किसून भाजलेले सुके खोबरे २५० ग्रॅम, गूळ ४०० ग्रॅम, तूप ३०० ग्रॅम आणि मुसळी पूड ५० ग्रॅम. डिंक तुपात फुलवून चुरावा, उरलेल्या तुपात मुसळी गॅस बंद केल्यावरच घालावी, नाहीतर करपून कडवट होते. गूळ विरघळला की लगेच सगळे एकत्र करून वळावे. पाक होऊ दिला तर लाडू दगड होतात. यात सुमारे ४० लाडू होतात, म्हणजे एका लाडवात सव्वा ग्रॅम मुसळी. मोठ्यांना दिवसाला दोन पुरेत.

गॅलरीतली कुंडी

भाजीपुरती फोडशी शहरातही पिकवता येते. १२ इंची, बुडाला तीन-चार भोके असलेली कुंडी घ्या. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग गांडूळखत. जूनच्या पहिल्या आठवड्यात माथा असलेल्या पाच मुळ्या चार-चार बोटांच्या अंतराने लावा. पहिल्या पावसाळ्यात एकही पान खुडू नका. ऑक्टोबरात कुंडी रिकामी दिसली तरी माती फेकू नका. ती पावसाच्या आणि नळाच्या पाण्यापासून दूर, सावलीत, कोरडी ठेवा आणि मेअखेर पहिले पाणी द्या. दुसऱ्या वर्षापासून झाडागणिक दोन पाने मिळतात, म्हणून एका भाजीला सात-आठ कुंड्या तरी लागतात. तिसऱ्या मेमध्ये गड्डे दाटलेले असतात. तेव्हा कुंडी उपडी करून माथे विभागा आणि निम्मे नव्या कुंड्यांत लावा.